डाव्या हाताची निसर्गवही

मी बोलतेय. चांदूर रेल्वेच्या एका घरात, खिडकीजवळच्या पलंगावर, ललिताबाईंच्या उशाशी पडलेली जाड पानांची वही.

मला अमरावतीच्या दुकानातून आणलं ते त्यांच्या मुलीनं, दीपमालानं. स्वतःसाठी. ती बँकेत नोकरीला. निसर्गाच्या नोंदी ठेवायच्या, असं तिनं मनावर घेतलं होतं. पण पहिल्याच पानावर तिला मोर हवा होता, तोही मोबाईलमधल्यासारखा हुबेहूब. पाय चुकले, खोडले, पुन्हा चुकले. शेवटी तिनं ते पान टरकावलं आणि मला कपाटात टाकलं. माणसांना चुकायचं इतकं भय का असतं, याचा विचार करत मी तिथं अंधारात पडून राहिले.

मग ललिताबाईंना लकवा झाला. जन्मभर आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून राबलेली बाई. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. समजायचं सगळं, पण शब्द तोंडातच लोळायचे. भेटायला येणारे त्यांच्यासमोर त्यांच्याविषयीच बोलत, जणू पलंगावर कुणी नाहीच.

एका रविवारी दीपमालानं मला आईच्या मांडीवर ठेवलं. "आई, खिडकीतून जे दिसते ते काढ. वाकडंतिकडं निघालं तरी चालते. तारीख टाकजो फक्त."

डाव्या हातातली पेन्सिल माझ्यावरून अशी घसरली, की मलाच भरून आलं. एक रेघ निघाली. बाईंनी ती बराच वेळ पाहिली आणि खाली लिहिलं, "फांदी." तिथून माझं आयुष्य सुरू झालं.

खिडकीबाहेरच्या मेंदीत बुलबुलानं घरटं केलं होतं. रोज काहीतरी उमटू लागलं. आज ढग. आज जोडी आली. आज पिल्लांच्या चोची दिसल्या. जे खिडकीतून दिसत नसे, त्याचा प्रश्न लिहून बाई मला नवऱ्यापुढे सरकवत. डोमाजी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. "आता घरट्यात काड्या कायच्या हायेत, हे पाहाले जाऊ का मी?" असं कुरकुरत ते जायचे, पण परत येऊन नीट सांगायचे. आयुष्यभर फक्त रस्ता पाहिलेला माणूस हळूहळू झुडपं पाहायला शिकत होता.

एका सकाळी घरटं फाटून खाली लोंबत होतं. डोमाजी बाहेर जाऊन आले आणि दारातच थबकले. मग हसू आणून म्हणाले, "उडून गेली पिल्लं! मोठी झाली ना व आता."

बाईंनी मला ओढून घेतलं. अक्षरं एकमेकांवर कोसळत होती. "मांजर. मी पाहिलं. खरं सांगा."

डोमाजी पलंगाच्या कडेवर येऊन बसले. "तुले तरास होईन म्हून बोललो व."

पण पेन्सिल थांबली नाही. "माझा हात?"

बाहेर मेंदीवर बुलबुलाची जोडी नुसती ओरडत होती. दवाखान्यातून आल्यापासून डोमाजी सगळ्यांना सांगत होते, दोन महिन्यात पहिल्यासारखी होते पाहा. आता त्यांनी मान खाली घातली.

"डॉक्टर म्हने, उजवा हात काही येनार नाही. मी तुले सांगतलं नाही. माह्या तोंडातून निघेच ना."

बाईंनी डोळे मिटले. आसवांचे थेंब माझ्यावर पडले, तिथं कागद अजून फुगलेला आहे. डाव्या हातानं डोळे पुसून त्यांनी पेन्सिल उचलली. आधी मांजरीचं लिहिलं. त्याखाली लिहिलं, "उजवा हात येणार नाही." तारीख टाकली. मग पेन्सिल नवऱ्याच्या हातात दिली आणि लोंबत्या घरट्याकडे बोट दाखवलं.

"मले कुठी येते व चित्र?"

बाईंनी बोट खाली घेतलं नाही. डोमाजी बाहेर गेले, घरटं जवळून बघून आले आणि बायकोच्या खांद्याला खांदा लावून काढत बसले. कलंडलेल्या वाटीसारखं काहीतरी निघालं. इतकं वाकडं चित्र माझ्यात दुसरं नाही, आणि इतक्या जपून काढलेलंही नाही.

त्या दिवसापासून बाईंविषयीचं जे काही विचारायचं, ते घरात बाईंनाच विचारतात. उत्तराला वेळ लागतो. सगळे थांबतात.

आता माझे कोपरे मुडपलेत, हळदीची बोटं लागलीत. थोडीच पानं उरलीत. परवा दीपमाला म्हणाली, "आई, नवी वही आनू ना?" बाईंनी मान डोलावली. डोमाजी खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. तिथूनच म्हणाले, "दोन आन. एक माह्यी."

माझं बोलणं सरलं. जाता जाता एकच मागणं आहे. कुणा आजारी माणसाजवळ बसलात, तर आज त्याला काय दिसलं ते विचारा. आणि त्यानं काही विचारलं, तर त्याच्याकडे बघून उत्तर द्या.