माझ्या पोटातला परका ओंडका

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे आणि अजून हादरलेलीच आहे.

दोनेत्स नदीकाठच्या एका युक्रेनी खेड्यात या घरची सून मोत्र्या हिच्या आजेसासऱ्यांनी मला भिंतीएवढी उंच, विटा आणि चिकणमातीने बांधलं. माझ्या उबदार पाठीवर अंथरूण टाकून या घरातली सगळी पोरं झोपली. पाहुणे माझ्यात भाजलेल्या पावाची तारीफ करायचे तेव्हा मी फुगायचे, खोटं कशाला बोलू!

आमच्याकडे चुलीला उपाशी ठेवत नाहीत. घर सोडताना तिच्यात एक ओंडका ठेवतात आणि परतल्यावर तोच आधी पेटवतात. युद्ध गावात शिरलं, तेव्हा मोत्र्याने तशा घाईतही बागेतल्या चेरीचा ओंडका ठेवला आणि लेकीला, सोलोमियाला, घेऊन ती पळाली.

मग सैनिक घरात राहिले. त्यांनी माझ्यात चेरीचा ओंडका जाळला, दारं जाळली, सोलोमियाचा जुना पाळणासुद्धा जाळला. जाताना मात्र त्यांनी एक नवा ओंडका ठेवला. त्याच्याखाली राखेत त्यांनी काय दडवलं, ते मला कळत होतं. पण मी कुणाला सांगणार?

दोन हिवाळ्यांनंतर मायलेकी परतल्या. छप्पर अर्धंच उरलं होतं. मोत्र्याने वाकून माझ्यात पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

"बघ गं, आपला ओंडका अजून आहे. चूल वाट बघत बसली बिचारी."

तिने काडी ओढली. 

"आई, थांब ना," सोलोमिया म्हणाली. "हा आपला नाही. आपला तांबडा होता, हा पांढरा आहे."

"थंडीनं दात वाजतायत आणि हिला रंग सुचतोय," मोत्र्या पुटपुटली. तरी तिने पुन्हा पाहिलं. ती बर्चची साल होती, आणि बर्चचं झाड आमच्या बागेत कधी नव्हतंच. तिने काडी विझवली, पोरीला उचललं आणि ती मागच्या मागे सरकत बाहेर पडली.

सुरुंग काढणाऱ्यांनी माझ्या पोटातून बॉम्ब काढला. आता काही धोका नाही, असं ते सांगून गेले. तरी मोत्र्या अंगणात विटा मांडून त्यांवर बोर्श, म्हणजे बीटाचं सूप, शिजवते. सोलोमिया गार फरशीवर झोपते, माझ्यापासून होईल तितकी लांब. काल तिने आईला विचारलं, "ती आपलीच होती ना? मग तिनं सांगितलं का नाही?"

मोत्र्याने आपली शाल काढून तिच्यावर पांघरली. 

मित्रांनो, लढाई करणारं कुणी भेटलं तर माझं एवढं सांगा, चुलीत लाकडाशिवाय काही ठेवू नका. पोर कुडकुडते आहे, आणि मला तिला जवळ बोलावता येत नाही.