दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

लातूरची माणसं दोनच गोष्टी मन लावून ऐकतात, वरातीतला डीजे आणि दुसऱ्याच्या पोराचे मार्क. मी इथल्या ट्यूशन एरियात वीसेक वर्षं फिजिक्स शिकवतो, त्यामुळे दोन्ही आवाज माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. दर जूनला जळकोटहून, किनवटहून, कुठून कुठून पोरं येतात, डॉक्टर व्हायचंय म्हणून छाती पुढे काढतात आणि ध्वनी म्हणजे काय असं विचारलं की घोकलेली व्याख्या एका दमात म्हणून टाकतात. ध्वनी म्हणजे काय ते त्यांतल्या एकालाही कधी कळलेलं नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही; ती खरोखरच डॉक्टर होतात.

ध्वनी माझ्या औसा रोडवरच्या घरात, उत्तरेकडच्या खोलीत आहे. तिथं मी जुन्या ब्रिटिश हेवी मेटलच्या रेकॉर्डी ठेवल्या आहेत. लोखंडाच्या कारखान्यांच्या गावांत वाढलेल्या पोरांनी सत्तर सालापासून पुढची दहा-बारा वर्षं वाजवलेलं ते जड, काळं, घामट संगीत. त्यानंतरच्या पोरांनी नुसते केस वाढवले आणि वेग वाढवला, त्यांच्याशी माझा संबंध नाही. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांशी तर नाहीच नाही. रेकॉर्डवरच्या खाचा संपल्या की लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर हातानं कोरलेला नंबर पाहिल्याशिवाय मी कुठलीही रेकॉर्ड खरी मानत नाही. उन्हानं त्या वाकू नयेत म्हणून मार्चपासून खोलीत कूलर चालतो, आणि ज्या वर्षी लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं त्या वर्षीही मी टँकरचं पाणी कूलरमध्ये ओतलं होतं. शेजाऱ्यांनी तोंडं वाकडी केली. त्यांची तोंडं मुळातच फार सरळ होती असं नाही.

माझी बायको सुकन्या शाळेत शिक्षिका आहे, माहेर इथल्याच मुरुडचं. ती या खोलीत बसत नाही, फक्त चहा किंवा खाणं ठेवायला येते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिला स्वयंपाक करताना गुणगुणायची सवय होती, ती पुढे आपोआप गेली. त्यावरून मी तिला एका शब्दानंही कधी बोललेलो नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल मी थट्टा करत नाही. सोळाव्या वर्षी औरंगाबादच्या मामेभावाकडून मला एक कॅसेट मिळाली होती, नकलेची नक्कल, नुसती खरखर. सिंडर रो नावाच्या, पुढे कुणाच्याही लक्षात न राहिलेल्या बँडचा तो एका छोट्या हॉलमधला कार्यक्रम होता. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संथ आहे, कारखान्यातल्या रात्रपाळीवरचं, आणि त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं अचानक थांबतात. हॉल गप्प होतो. मग त्या शांततेत गायक एकटा, कशाच्याही आधाराशिवाय, एक ओळ म्हणतो. त्या जागी माझ्या अंगावर काटा यायचा. सोळाव्या वर्षी आला, लग्नानंतर आला, वडील गेले त्या महिन्यातही आला. माणूस म्हणून माझ्यात काही बरं असेल तर ते तेवढ्या जागेपुरतं आहे, असं मला मनापासून वाटत आलं आहे, आणि म्हणून त्या कार्यक्रमाची मूळ छपाईची रेकॉर्ड मी कितीतरी वर्षं शोधत होतो.

गेल्या हिवाळ्यात ती इंग्लंडहून आली. कव्हरचा एक कोपरा दबलेला होता, पण खाचा स्वच्छ होत्या आणि नंबर बरोबर होता. मी ती धुतली, वाळवली आणि पहिली बाजू लावली. पहिल्या गाण्यानंतर गायक आपल्या गावाबद्दल काहीतरी फुशारकीचं बोलतो आणि लोक ओरडतात. ते ओरडणं ओसरता ओसरता गर्दीत, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी नाकातून अर्धा श्वास सोडल्यासारखं केलं. हं. एवढंच. कॅसेटच्या खरखरीत ते कधी ऐकू आलं नव्हतं. मला हसू आलं. त्या अडाण्यांच्या हॉलमध्ये निदान एक तरी जाणता माणूस होता तर.

पुढच्या वेळी तो मला तिसऱ्या गाण्यातही सापडला, गिटारवाला एका सुरावर घसरतो तिथं. पुढे एकदा ड्रमच्या लांबलचक फेरीनंतर. आधी हे माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं याचं नवल वाटलं, पण सुई नवी होती आणि चांगली सुई खाचेच्या तळापर्यंत जाते, हे फिजिक्स आहे. शिवाय हा गृहस्थ कधी चुकत नव्हता. जिथं त्यानं नाक मुरडलं तिथं खरोखरच काहीतरी ढिसाळ असायचं, आणि ते मला त्याच्यामुळे कळायचं. मी त्याची वाट पाहू लागलो. घरी येताना वाटायचं, चला, कुणीतरी आपल्या तोडीचं भेटणार आहे.

एका रविवारी सकाळी सुकन्यानं माझ्यापुढे नाश्त्याला सुशीलाची प्लेट ठेवली, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचा कूट घातलेली, आणि ती जायला वळली तेवढ्यात स्पीकरमधून तो हं आला. ती थांबली. परत फिरून तिनं प्लेट उचलली, आत नेली आणि लिंबू पिळून पुन्हा आणून ठेवली. मी तोंडही उघडलं नव्हतं, चमचाही उचलला नव्हता.

"ते रेकॉर्डमधलं होतं," मी म्हणालो.

तिनं स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असंल," ती म्हणाली आणि निघून गेली.

मला तिची गंमत वाटली. पण त्यानंतर हे वरचेवर होऊ लागलं. स्पीकरमधून हं आला की स्वयंपाकघरातलं भांडं थांबायचं, ती दारात यायची आणि विचारायची, काय म्हणलात का. मी नाही म्हणायचो. मग मी एकदा मुद्दाम नाकातोंडावर रुमाल दाबून ऐकत बसलो, म्हणजे ते माझ्याकडून होत नाही याची खात्री. हं आला, जसाच्या तसा, आणि सुकन्याही आली. माझ्या तोंडावरचा रुमाल पाहून ती दारातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा भाव वर्गात नवीन आलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर असतो तसला होता, मी फळ्याकडे बोलावल्यावर असतो तसला.

होळीच्या सुट्टीत तो शेवटच्या गाण्यात आला.

वाद्यं थांबली, हॉल गप्प झाला, मी डोळे मिटले, आणि गायकाची ओळ सुरू व्हायच्या अगदी आधी, त्या शांततेच्या ऐन मध्यावर, नाकातून सुटलेला तो अर्धा श्वास. ओळ आली ती मला नुसती एक ओळ वाटली. आवाज जरा नाटकी होता, शेवटचा शब्द उगाच ओढलेला होता, आणि एकंदर प्रकार एखाद्या कामगाराच्या पोरानं आरशासमोर उभं राहून करावा तसला होता. अंगावर काटा आला नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. मला त्या माणसाचा संताप आला आणि त्याहून वाईट म्हणजे भीती वाटली, कारण तो आजवर चुकलेला नव्हता. तो इथंही बरोबर असला तर मग माझ्याकडे काहीच उरत नव्हतं.

मिहिर नावाचा माझा एक जुना विद्यार्थी नांदेडला तरोडा नाक्याजवळ राहतो, पुण्यातल्या कंपनीचं काम घरबसल्या करतो आणि रेकॉर्डी जमवतो. जमवतो म्हणजे नव्यानं छापलेल्या, लाल-हिरव्या, लहान मुलांच्या बशांसारख्या रेकॉर्डी विकत घेतो आणि मला त्यांचे फोटो पाठवतो. त्यांत जुनी अशी एकच होती, याच कार्यक्रमाची, मूळ छपाईनंतरच्या वर्षी निघालेली दुसरी छपाई. दुसऱ्या छपाईच्या वेळी कंपन्या गर्दीचा आवाज साफ करून घेत, तेव्हा तिथं ती जागा कोरी असणार, असा माझा हिशेब होता. मी फोन केला तर तो म्हणाला, तुमच्या रेकॉर्डवर काय येतं ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. मी फोन ठेवला, गाडी काढली आणि अहमदपूर-लोहामार्गे नांदेड गाठलं.

त्याची खोली होती तशीच होती, भिंतीला स्पीकर टेकवलेले, वर कुंड्या. त्याची बायको राजश्री चहा ठेवून तिथंच जमिनीवर बसली आणि गाणं सुरू झाल्यावर मान डोलवू लागली, जणू तिला काही कळत होतं. वाद्यं थांबली. मी रुमाल घट्ट धरला होता. शांतता तशीच्या तशी गेली आणि मग ओळ आली, अन् माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणीही आलं असावं, कारण राजश्रीनं नजर वळवली.

"काहीच न्हाई सर," मिहिर हळूच म्हणाला. "मी रोज ऐकून राहिलो, कधीच काही नव्हतं इथं."

मग मी त्याला तो आवाज कसा आहे ते तोंडानं करून दाखवलं. मिहिर आणि राजश्रीनं एकमेकांकडे पाहिलं.

"हे मला माहीत हाय सर," तो म्हणाला. "मागच्या खेपेला माझी सिस्टिम ऐकून तुम्ही असंच केलं होतं. तुम्ही वर्गात पण करायचा. आम्ही पोरं होस्टेलवर त्याची नक्कल करायचो, पण कोणाला जमली नाही."

असल्या निरीक्षणाला उत्तर द्यायची गरज नसते. त्यानं ती रेकॉर्ड मला देऊन टाकली, बदल्यात काही नको म्हणाला, आणि हा दिलदारपणा मला फार लागला, कारण त्याच्या जागी मी असतो तर दिली नसती. परत येताना ती शेजारच्या सीटवर ठेवून मी काचा बंद करून, एसी लावून गाडी चालवली.

घरी पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. सुकन्या शाळेतून येऊन भाजी निवडत बसली होती. मी तिला म्हणालो, जरा आत येऊन बस, एक गाणं ऐक. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला असं म्हणत होतो. का म्हणालो ते सांगायला लाज वाटत नाही: ती जागा कोरी आहे, याला मला एक साक्षीदार हवा होता, आणि कुणाच्या तरी शेजारी बसून मला तो काटा अंगावर यायला हवा होता. तिनं पदराला हात पुसले आणि ती दिवाणावर माझ्या उजवीकडे येऊन बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी.

मी मिहिरची रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू, शेवटचं गाणं. कूलर बंद केला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग तोही आवाज थांबला. गाणं चढत चढत मध्यावर आलं तसा मी रुमाल नाकातोंडावर दाबला, श्वास धरला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. ती ऐकत होती. खरोखर ऐकत होती. तिची बोटं मांडीवर ठेका धरू लागली होती. इतक्या वर्षांनी तिला असं पाहून मला एकदम फार बरं वाटलं, तिच्याबद्दल माया वाटली, आणि गाणं संपल्यावर तिला तसं सांगायचं असं मी ठरवलं.

वाद्यं थांबली. खोली गप्प झाली.

हं.

स्पीकरमधून नाही. उजवीकडून, माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून, जसाच्या तसा.

मी उठलो. उठायचं असं मी ठरवलं नव्हतं. जाऊन मी सुई उचलली, गायकाची ओळ यायच्या आत, आणि रेकॉर्ड काढून कव्हरमध्ये घालू लागलो, सुकन्यानं त्या रविवारी प्लेट परत नेली होती तशी.

माझ्या पाठीमागून सुकन्या नेहमीच्याच सुरात म्हणाली, "काय म्हणलात का?"