झोपाळ्यावरचा एफ

दारावरच्या ट्यूशनच्या पाटीचा तिसरा स्क्रू निघता निघत नव्हता, म्हणून जयवंतराव स्टुलावर उभे राहून त्याच्याशीच भांडत होते. तेवढ्यात जिन्यातून ट्यूशनला येणारी भक्ती वर आली.

"आजोबा, पाटी केम काढताय?"

"शिकवणाऱ्या बाई गेल्या. आता पाटीचं काय लोणचं घालू?"

त्यांच्या पत्नी चारुलताबाईंना जाऊन दोन महिने झाले होते. हरणीच्या या घरात त्यांनी तीस वर्षं गणिताची ट्यूशन घेतली, आणि कोयलीच्या रिफायनरीतून दमून आलेले जयवंतराव पोरांना पाणी देत राहिले. गणिताशी त्यांचं तसं वाकडंच.

भक्तीने वही पुढे केली. उद्या अकरावीची परीक्षा. एफ म्हणजे दुप्पट, जी म्हणजे तीन मिळवा. मग एफ ऑफ जी ऑफ पाच किती?

"माझं तेरा येतं, पुस्तकात सोळा. बहु कंटाळो आवे छे, आजोबा. बाई असत्या तर..."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही गं," असं म्हणतच ते स्टुलावरून उतरले. कारण एवढं एकच गणित त्यांना येत होतं. बाई शिकवताना पोरांचीच आकडे बदलणारी यंत्रं करायच्या. स्वयंपाकघराच्या दाराशी जी, झोपाळ्यावर एफ, आणि आकड्याची चिठ्ठी हातोहात जायची. पोर कमी पडलं की हाक यायची, "अहो, जरा जी व्हा!" एफ मात्र कायम त्या स्वतः.

"पाच आधी एफला दिलेस ना? तो आधी लिहिलाय म्हणून?"

"हो."

"तिथेच चुकलीस. कंसातलं आधी. चिठ्ठी माझ्याकडे दे."

ते दाराशी जुन्या जागी बसले. पाचाचे आठ केले आणि सवयीने चिठ्ठी झोपाळ्याकडे धरली. झोपाळा रिकामा होता. हात तसाच राहिला.

"मी बसू तिथे?" भक्तीने हळूच विचारलं.

"बस, बाळा."

"आठ दुणे सोळा! आलं, आजोबा!" ती टाळी वाजवून हसली. "उद्या पेपर झाला की कसा गेला ते सांगायला येते. आवजो!"

ती गेल्यावर जयवंतरावांनी निघालेले दोन्ही स्क्रू पुन्हा पाटीत घट्ट बसवले. आत येऊन एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर सात लिहिला, साताचे दहा केले आणि ती झोपाळ्याच्या गादीवर ठेवली. दुप्पट करायचं काम त्यांचं नव्हतं.