वन्सं वाचून सांगतील

आमच्या टोंगातल्या नेयाफू गावात माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आले. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. माझ्या धाकट्या भावाला, पेनिसोनीला, साखरेचा आजार होताच, त्याच्या गोळ्या चालू होत्या. कोनफळाच्या शेतात त्याच्या पायाला जखम झाली आणि ती महिनाभर भरेना, तेव्हा त्याची बायको सुलिएती माझ्याकडेच आली.

"वन्सं, फोनवर याबद्दल काय म्हणतात ते तुम्ही वाचून सांगाल का, असं हे विचारतायत."

जखम मी पाहिली नाही. आमच्यात बहीण भावाच्या खोलीत बसत नाही, त्याच्या अंगाबद्दल बोलत नाही. त्यानं मला पाय दाखवला असता तर दोघंही शरमेनं मेलो असतो. पण बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही, आणि भावजयीनं तर नणंदेपुढे ब्रसुद्धा काढायचा नाही. हे सगळं मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मी वाचायला बसले. आधी एका मोठ्या परदेशी हॉस्पिटलचं पान लागलं. इंग्रजी. 'काही रुग्णांत', 'असू शकतं', 'आपल्या डॉक्टरांना लगेच दाखवा'. मला राग आला. एवढं शिकून यांना एक वाक्य ठामपणे लिहिता येऊ नये? माझ्या वर्गातल्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धे गुण कापले असते.

मग दुसरं पान सापडलं. आपल्या टोंगन भाषेत, पांढऱ्या कोटातला आपल्यातलाच हसरा माणूस, खाली बायबलातलं वचन, शुद्धलेखनाची एक चूक नाही. तो म्हणत होता, गोळ्यांनीच रक्त नासतं. गोळ्या बंद करा, दोन वेळा नोनूच्या फळाचा रस घ्या, जखम आतून सुकेल. खाली हजारो लोकांनी त्याचे आभार मानले होते. नोनूचं झाड माझ्या परसातच. मी स्वतः रस काढून पाठवला.

दर रविवारी चर्चबाहेर मी सुलिएतीला गाठायचे. "कसा आहे पाय?"

ती मान खाली घालायची. "तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय, वन्सं."

"मग बरं चाललंय म्हण की! तोंड का असं आंबट?"

"हो, वन्सं. बरं आहे."

रोज पट्टी बदलायची ती. बोटं काळी पडलेली तिला दिसत होती, वास येत होता. पण मी सांगितलेलं चुकलंय, हे ती कोणत्या तोंडानं बोलणार? आणि मला वाटत होतं, माझ्या रसाला गुण आला.

सातव्या रविवारी सुलिएती चर्चला आली नाही. शेजाऱ्यांनी पेनिसोनीला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. मी धावत गेले. तिथली तरुण डॉक्टरीण एकेकाळी माझ्याच वर्गात होती. तिनं मला बाजूला घेतलं.

"गोळ्या कुणी बंद केल्या, बाई?"

मी फोन तिच्यापुढे धरला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"हा माणूस डॉक्टर नाही, बाई. विष रक्तात गेलंय. पाय कापायची वेळसुद्धा गेली. आता दुखणं तेवढं कमी ठेवता येईल."

"पण कदाचित..."

"कदाचित नाही, बाई."

मी पडदा सारून आत गेले. जन्मात पहिल्यांदा. पेनिसोनी ग्लानीत होता, पण मला बघताच त्यानं चाचपडत चादर ओढली आणि पाय झाकून घेतला. माझा मान राखायला. मग भिंतीकडे तोंड करून बायकोला म्हणाला, "ताईला सांग, काळजी करू नको म्हणावं. आणि फोनवर दुसरं काही निघतंय का बघ म्हणावं. ती सांगेल ते मी करीन."

सुलिएतीला सगळं ठाऊक होतं. तरी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघता का, वन्सं?"

"बघते," मी म्हणाले, आणि बाहेर बाकावर येऊन बसले. फोन उघडला नाही. आत तो दोन दिवस माझ्या उत्तराची वाट बघत होता.