अळणी कण्या

बाळीवेशीतल्या गुरुसिद्धप्पाला ज्वारीतलं काय कळत नव्हतं? चाळीस वर्षं भुसाराचं दुकान चालवलेला माणूस. दाणा दाताखाली धरला की हा मंद्रूपचा, हा करमाळ्याकडचा, असं सांगून मोकळा व्हायचा. पण त्याच ज्वारीच्या कण्या शिजवायला पाणी किती लागतं, हे त्याला चौसष्टाव्या वर्षी लेकीला विचारावं लागलं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर मिशी गळून पडेल असं मानणाऱ्यांतला तो. आता भोगा म्हणावं, दुसरं काय.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी त्याच्या बायकोच्या, सुंदरम्माच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी बजावलं, ब्लडप्रेशर फार आहे, जेवणात मिठाचा कण नको, नाहीतर दुसरा झटका येईल आणि त्यातून त्या उठायच्या नाहीत. लेक नागम्मा टेंभुर्णीहून आली, तीन आठवडे राहिली, आईला दटावून चार अळणी घास भरवत राहिली. पण तिचीही पोरं होती, सासू होती. रविवारी निघताना ती म्हणाली, "अप्पा, गुरुवारी येते मी. अव्वा तुमच्या हातचं जेवली तर ऱ्हाऊ दे हितं. न्हाई जेवली तर मी तिला घेऊन जाणार. उपाशी मारायची हाय का?"

"आन् मी?"

"तुमी येणार हाय का तिकडं?"

लेकीच्या दारात मुक्काम करायचा नाही, ही गुरुसिद्धप्पाच्या बापाची रीत होती आणि ती त्याने आजवर मोडली नव्हती. म्हणजे सुंदरम्मा गेली की या घरात तो एकटा. ह्या एका गोष्टीचं त्याला खरोखर भ्या वाटत होतं.

सोमवारी त्याने गार पाण्यात कण्या ओतल्या, स्टो पेटवला आणि जपाला बसला. खाली करपल्या, वर कच्च्या. शेजारच्या ईरम्माने भिंतीपलीकडून सांगितलं, "आधी पाण्याला उकळी येऊ द्या की. मग मूठमूठ सोडा आन् हलवत ऱ्हावा. एकदम उधळायला अक्षता हायेत का त्या?" मंगळवारी गुठळ्या झाल्या, पण शिजल्या तरी. त्याने लिंगाला नैवेद्य दाखवला आणि खाटेपाशी ताट घेऊन बसला. सुंदरम्माने एक घास घेतला, तोंडात फिरवला आणि हनुवटीवरून खाली सोडला. मग तिने डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताट हळूच पुढे सरकवलं.

गुरुसिद्धप्पाने ते ओळखलं. हे सरकवणं त्याचंच होतं. त्यांच्या घरी नैवेद्याआधी अन्न जिभेला लावायची पद्धत नव्हती, म्हणून सुंदरम्माने सगळा जन्म अंदाजाने मीठ घातलं. कधी कमी पडलं की हा तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसतं दोन बोटांनी ताट सरकवायचा. मग ती पोळती भाकरी तव्यावर सोडून मिठाची बरणी घेऊन धावत यायची. चाळीस वर्षं. त्याला तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं, आता लाज वाटली.

बुधवारी कण्या अशा झाल्या की सुंदरम्मा धडधाकट असती तर तिनेही मान डोलावली असती. मऊ, मोकळ्या, वर गार ताक आणि लसणाची फोडणी. त्याने पहिला घास पुढे केला. तिने ओठ मिटून घेतले. "खा गं," तो म्हणाला, "उद्या नागम्मा येणार हाय. तुला नेईल." तिने ताट सरकवलं. रविवारपासून पोटात घोट घोट दुधाशिवाय काही नव्हतं, गालाची हाडं वर आली होती. डॉक्टरचं ऐकावं तर ही उपाशी मरते, न ऐकावं तर आपल्याच हाताने मरते. विचारायचं तरी कुणाला?

तो उठला, फळीवरची बरणी काढली आणि चिमूटभर मीठ ताटात कालवलं.

सुंदरम्मा सगळं जेवली. ताटाचा काठ बोटाने पुसून घेतला, बरणीकडे बघितलं आणि वाकड्या ओठांतून म्हणाली, "बेकु."

महिन्याभरातला पहिला शब्द, आणि तोही तिच्या माहेरच्या कानडीतला. बेकु म्हणजे पाहिजे. गुरुसिद्धप्पा तिचा हात धरून लेकरासारखा रडला.

गुरुवारी दुपारी नागम्मा आली. आईला पुरं ताट जेवताना बघून तिचे डोळे भरले. "काय घातलंत ओ अप्पा?"

"काय न्हाई. ताक."

"तुमच्या हाताला चव हाय. ऱ्हाऊ दे हितंच तिला," म्हणाली आणि संध्याकाळच्या एस्टीने निघून गेली.

गुरुसिद्धप्पाने स्टो पेटवला. पाण्याला उकळी आली तरी त्याने कण्या सोडल्या नाहीत. बरणी मांडीवर घेऊन तो बसून राहिला. झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. आज चिमूट, उद्या चिमूट, असं किती दिवस चालेल हे त्याला कोणी सांगणार नव्हतं.

खाटेवरून सुंदरम्मा त्याच्या हाताकडे बघत होती.

"बेकु," ती म्हणाली.