मधला खिसा

थंडी सरली की चिमणीला श्वास घ्यायला फुरसत नसे. चिमणी हे नाव बाबांनी पाडलेलं, कारण ती दिवसभर शिडीवर चढून भिंतींवरच्या बागा राखायची. उभी बाग म्हणजे काय, तर भिंतीवर लोखंडी चौकट, तिच्यावर जाड कापडाचे खिसे, प्रत्येक खिशात एक रोप आणि वरून उतरणारी पाण्याची नळी. प्रत्येक खिशाला आपली तोटी. तोटी बंद पडली की रोप गेलंच म्हणून समजा. खाली जमीनच नाही, तर मुळांनी जायचं कुठे?

लोकांच्या भिंती आटोपल्या की ती सगळ्यात शेवटी बाबांच्या अंगणात यायची. इथली बाग आईच्या खोलीच्या भिंतीवर होती. आई गेल्यावर चिमणीनेच त्या खोलीची खिडकी बंद करून वर चौकट ठोकली आणि आईचा लाडका नेचा मधल्या खिशात लावला. तेव्हापासून बाबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले ते बसलेच. एकदा न्हाणीघरात घसरून पडले, शेजारी येईपर्यंत तसेच पडून राहिले. पण "माझ्याकडे राहायला चला" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बघू पुढे."

शेवटी गेल्या वर्षीच्या साफसफाईत चिमणीने मन घट्ट केलं. कुणाला न सांगता मधल्या खिशाच्या तोटीत बूच ठोकलं. नेचा वाळेल, बाबा थोडे दिवस कुढतील, मग निघतील. त्यानंतर ती घरी यायची, पण अंगणात डोकावायचा धीर तिला झाला नाही.

आज मात्र डोकावणं भाग होतं.

"आलीस?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "शिडी नीट टेकव. तू पडलीस तर उचलायला मीच आहे, आणि मला उचलायला तू. मग बसा दोघं जमिनीवर."

ती हसली, वर चढली, आणि तिचं हसू तिथेच थांबलं. थंडीने बाकीची भिंत करपली होती. मधला नेचा मात्र खिशातून ओसंडून वाहत होता. तिने बोट घातलं. माती गारढोण ओली. बूच जागच्या जागी होतं, कोरडं ठणठणीत.

"बाबा, याला तुम्ही पाणी घालता?"

"माझा हात पोचतो का तिथवर?"

"मग कोण घालतं?"

"तुझी आई," दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसं ते म्हणाले. "रात्री पेल्यात उरलेलं पाणी तिने कधी फुकट घालवलंय?"

चिमणीने खिशाचं कापड बाजूला सारलं. मुळं खाली गेलीच नव्हती. ती मागे वळून बंद खिडकीच्या फटींतून आत शिरली होती.

खोलीची किल्ली तिच्याकडेच होती. फुगलेलं दार खांद्याने ढकलून ती आत गेली. जमिनीवर धुळीचा जाड थर, त्यावर एकही पाऊल नाही. खिडकीतून उतरलेली मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी भिंतीवरून पलंगाजवळच्या टेबलावर आली होती आणि आईच्या पेल्यात बुडाली होती. पेल्यावर धूळ नव्हती. तो काठोकाठ भरलेला होता. मुळं पाणी ओढून घेत होती, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पाणी मात्र तसूभरही खाली जात नव्हतं.

तिच्या हातात कातरी होती. एकदा चालवली की सगळं संपलं असतं. पण पलंगावरची चादर एका बाजूने दबलेली होती, कुणी टेकून बसावं तशी. चिमणी पाठ न वळवता, मागच्या पावलांनीच बाहेर आली, शिडी चढली आणि तिने बूच उपटून काढलं. थेंब पडू लागले.

"काढलंस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षी शिडीवरून उतरलीस तेव्हा तोंड बघण्यासारखं झालं होतं तुझं. लहानपणी साखर चोरलीस की असंच व्हायचं." त्यांनी नेच्याकडे पाहिलं. "मी निघणारच होतो गं तुझ्याबरोबर. पिशवीसुद्धा भरली होती. आणि मग त्या खिडकीआडून रात्री पेल्याचा आवाज यायला लागला. तहानलेलं रोप सोडून जाईल का ती? आणि तिला राबायला ठेवून मी तुझ्याकडे गादीवर लोळू होय?"

चिमणी शिडीवरून खाली उतरली.

"आता पाणी सुरू झालंय," बाबा उठत म्हणाले. "चल. पिशवी तशीच आहे, माझ्या खाटेखाली."

निघण्याआधी ती खोलीचं दार ओढायला गेली. पेला रिकामा होता. चादर सपाट झाली होती. तिने कुलूप लावलं नाही.

बाबा गाडीत मागच्या सीटवर, अगदी कडेला अंग चोरून बसले.

"पुढे बसा ना, बाबा."

"इथेच बरा आहे. आणि ते पलीकडचं दार उघड जरा."

तिने उघडलं. अंगणातून थेंबांचा आवाज येत होता. ती दार धरून उभी राहिली.

"हं," थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "लाव आता. हळू."

दार लावताना तिच्या हाताला गार ओल लागली. तिने हात पुसला नाही.