अर्ध्या भावातली खोड

जगदेवनं चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आतून एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितके हजार, नाही तर तितके शंभर. बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. ज्याला नुसत्या बोटांवरून समोरच्याच्या मनातलं कळायचं, त्याला एका प्लंबरचा भाव कळू नये? पण नाही कळला बुवा.

घरात कामं तीनच होती. त्याच्या बायकोच्या, ललिताबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं होतं आणि शुक्रवारी तिला घरी आणायचं होतं. उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. आणि बाथरूमचा नळ तर जमिनीपासून वीतभर वर. तो कमरेइतका उंच घ्यायचा होता. गवंड्यानं नवा कमोड बसवून दिला होता, पण त्याची फ्लशची टाकी सारखी गळायची. छतावरच्या टाकीचा बॉलकॉकही अडकला होता, टाकी भरली की पाणी सरळ शेजाऱ्याच्या अंगणात. ललिताबाई फोनवर दुसरं काही बोलायचीच नाही.

"नळ झाला का?"

"होते वं."

"होते होते नका करू. नळ झाल्याशिवाय मी येत नाई. खाली बसली तं मले उचलन कोण, तुमी?"

जगदेवचं वय अडुसष्ट.

मंगळवारी शेलूबाजारहून हरीओम नावाचा प्लंबर मोटरसायकलवर आला. तिशीतला, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. त्यानं तिन्ही कामं नीट पाह्यली, भिंतीवर बोटानं ठोकून पाह्यलं, आणि म्हणाला, "सामान तुमचं काका. मजुरी चौदाशे."

"सातशे," जगदेव म्हणाला.

आता हे त्यानं विचार करून म्हटलं नव्हतं. शिंक यावी तसं ते आलं. मागणारा दुप्पट मागतो, घेणाऱ्यानं अर्ध्यावर यायचं, मग दोघांनी अर्धा तास भांडायचं, एकदोनदा उठून जायचं, चहा प्यायचा आणि मधे कुठं तरी हात मारायचा. याला जगदेव व्यवहार म्हणायचा. हरीओमनं अवजारांची पिशवी खाली ठेवली.

"बरं. सातशे द्या. आत्ताच सुरू करू का?"

जगदेवच्या मनात पाल चुकचुकली. एका दमात अर्ध्यावर? अरे, भांड तरी! बाजारात असा एका दमात अर्ध्यावर येणारा म्हणजे जनावरात खोड. एक तर बैल जुवाखाली बसणारा, नाही तर मारका, नाही तर रातोरात कुठून सोडून आणलेला.

"उद्या सांगतो," जगदेव म्हणाला.

"काका, हातासरशी करून टाकतो ना."

"उद्या म्हटलं ना बापा!"

हरीओमनं पिशवी उचलली आणि गेला. गाडीला किक मारण्याआधी त्यानं ती कलती करून हलवून पाह्यली. जगदेवनं हे पाह्यलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

बुधवारी सकाळी तो जीपनं शेलूबाजारला गेला आणि राजूच्या हार्डवेअरच्या दुकानात टेकला. सामानाची यादी पुढं केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्या तीन कामाची मजुरी किती घेतेत रे?"

राजूनं यादीवर नजर फिरवली. "नळ वर घ्याचा म्हंजे टाइल फोडा, पाईप वाढवा, परत सिमेंट भरा. त्याचे सातशे. फ्लशचे चारशे, बॉलकॉकचे तीनशे. चौदाशे."

"चौदाशे बराबर?"

"एकदम वाजवी. दुसरा आला तं येण्याजाण्याचे दोनशे वरून लावन. कोण सांगितले?"

"हरीओम. पन मी सातशे म्हटलं तं तो लगेच हो म्हने."

"मंग दोन कामं फुकटात करून राह्यला तुमचे," राजू हसला. "लॉटरी लागली तुमाले काका."

जगदेवला हसू आलं नाही. मागितलेला भाव खरा होता. मग खरा भाव सांगणारा माणूस एका शब्दात अर्ध्यावर कायले येते? "काम कसं हाय त्याचं? खरं सांगजो."

"माह्या घरचं सारं त्यानंच केलं. चार वर्सं झाले, थेंब नाई गळला. इचारा ना त्यालेच, थो बसला पाहा."

रस्त्यापलीकडे जीप थांबतात तिथं लिंबाखाली हरीओम पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मोटरसायकल बाजूला उभी. जगदेव तरातरा गेला. फिरवून बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"काहून रे, खोड काय हाय?"

हरीओम गडबडून उभा राहिला. "कायची खोड काका?"

"चौदाशेचं काम सातशेत करून राह्यला. अर्धवट टाकून पळशीन का?"

"नाई हो." हरीओमनं गाडीकडे पाह्यलं. "चार दिवस झाले, काम नाई. कोनी बोलावलं तं जायले पेट्रोल पायजे. काल होतं नव्हतं तेवढ्यात तुमच्याकडं आलो. सातशे तं सातशे, गाडी चालू होईन, घरी गॅस भरला जाईन, असा हिशेब केला. तुमी उद्या म्हटलं. मंग फाट्यावरून गाडी ढकलत आनली."

एवढंच. तो तक्रारही करत नव्हता, विचारलं म्हणून सांगत होता. जगदेव लिंबाखालच्या दगडावर बसला.

त्याला केनवडकडचा एक माणूस आठवला. वीसेक वर्षं झाली असतील. पांढरी खिलारी जोडी घेऊन आला होता, जोडी अशी की बाजार थांबून पाहायचा. जगदेवनं दुपट्ट्याखाली अर्ध्या भावाची बोटं धरली आणि त्या माणसानं ती तशीच दाबली, घासाघीस नाही की काही नाही. त्याचा हात घामानं ओला होता. जगदेव घेणाऱ्याच्या कानाला लागला, खोड आहे, नीट पाहा. त्यांनी दात पाह्यले, खूर पाह्यले, जोडी चालवली, बसवली. काही सापडलं नाही. तरी त्या संशयावर जगदेवनं आणखी दोन हजार पाडले, आणि घरी येऊन ललिताबाईला ते रंगवून सांगितलं. त्या माणसाला घरी काय अडलंय, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. हरीओमला विचारलं, ते तरी कुठं काळजीनं? चोर समजूनच विचारलं.

"चाल," जगदेव उठला. "राजूकडून सामान उचल. पेट्रोल मी टाकतो, ते मजुरीत धरू नको."

हरीओमनं दुपारी नळ वर घेतला आणि गुरुवारी येऊन बाकीचं उरकलं. जगदेव खुर्ची टाकून बसला होता, पण पाळतीला नाही, हे त्याचं त्यालाच नवीन होतं. काम संपल्यावर फ्लश ओढून पाह्यला, नळ सोडून पाह्यला. एक थेंब गळत नव्हता. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हरीओमच्या ओल्या हातावर टाकला आणि खालून आधी एक बोट धरलं, मग चार.

"हे काय काका?"

"भाव. एक हजार, वरचे चार शंभर."

"पन सातशे ठरले होते."

"थे मी ठरवले होते, तू नाई," जगदेव म्हणाला आणि त्यानं चौदाशे रुपये त्याच्या हातावर ठेवले.

शुक्रवारी ललिताबाई आली. वॉकर धरून थेट बाथरूममध्ये गेली, उभ्या उभ्या नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. वाकावं लागलं नाही म्हणून तिचे डोळेच भरले. मग बाहेर येऊन तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "कितीत पटवलं?"

"मांगतले तेवढ्यात."

ललिताबाई बघतच राहिली. "तब्येत बरी हाय ना तुमची? का तुमालेच भरती करावं लागते?"

जगदेव हसला नाही. "केनवडकडचा तो मानूस आठवते का तुले? पांढऱ्या जोडीचा? वरून दोन हजार पाडले होते मी?"

"हो, त्याचं काय?"

"त्या जोडीत काईच खोड नवती वं," जगदेव म्हणाला.